मोहाखालचा जाळ

चैत्र लागला की चोरखमारा गावापलीकडच्या रानात मोहफुलं पडू लागायची, आणि शकुंतलाबाई आपल्या पोरीला, रेणूला, झाडाखाली एकटीला बसवून जायची. नऊ वर्षांची पोर, सोबतीला फुलांची टोपली. रेणूच्या भावाला, रूपेशला, मात्र ती उन्हात पाऊल टाकू देत नसे. "रूपेश, बाळा" म्हणताना तिचा आवाज कसा मऊ व्हायचा! रेणूला ती "ए पोट्टे" म्हणायची. आईच्या तोंडून एकदा तरी आपलं नाव ऐकावं, यासाठी त्या वेड्या पोरीनं काय काय केलं नसेल.

त्या दिवशीही तेच झालं. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळतात, पण भल्या पहाटे, वारा पडलेला असताना. आई फुलांची पहिली खेप घरी टाकायला गेली होती. ती खूश होईल म्हणून रेणूनं उद्याचं काम आजच काढलं, तेही ऐन उन्हात. काडी ओढली न ओढली तोच वारा सुटला.

बघता बघता जाळ झुडपांत शिरला. धुरात वाट दिसेना. रेणू टोपली पोटाशी धरून दगडाआड दडली. तेवढ्यात पायवाटेवरून आईचा आवाज आला.

"ए पोट्टे! कोठी मेली?"

रेणूनं ओ दिली नाही. आधी नाव घेऊ दे, मग उठते. खोकला दाबून ती हट्टानं बसून राहिली.

"ए पोट्टे! बोलून काऊन नाही राहिली?"

आवाज जिथून आला होता तिथूनच येत होता. आई एक पाऊल पुढं सरकली नव्हती. फ्रॉकचा काठ पेटला, तेव्हा मात्र रेणूचा धीर सुटला. हातांनी काठ विझवत ती निखाऱ्यांवरून धावली आणि आईपुढं जाऊन उभी राहिली.

आईनं तिचे पाय पाहिले नाहीत. रिकामे हात पाहिले.

"टोपली कोठी आहे?"

"दगडामागं रायली."

आईनं पदर नाकाला लावला आणि ती धुरात घुसली.

"माय, नोको जाऊ! माय!" रेणू घसा फुटेस्तोवर ओरडत राहिली.

आई खोकत, डोळे पुसत परत आली. टोपली तिनं छातीशी घट्ट धरली होती. रेणू भाजल्या पायांनी तिच्या मागोमाग घरी गेली. नावाची वाट पाहणं तिनं त्या दिवशी सोडलं.