घाम आटलेला जावई

भट्टीसमोर उभं राहण्यात जावयाचा फायदा उघड होता: सासरे त्याला 'पाहुणे' म्हणायचे थांबणार होते. बेकरीत दोन वर्षं पीठ मळूनही ही पदवी सुटत नव्हती. भट्टी हाताळेल तो घरचा, बाकीचे आले-गेले.

ऐन उन्हाळ्यात सासऱ्यांची पाठ धरली आणि जावयाला संधी मिळाली. लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन तो सकाळपासून पाव आत सारत होता, बाहेर ओढत होता. पाणी मागितलं नाही. पाणी मागणारा कच्चा, हा या घराचा कायदा.

दुपारी सासरे खुर्चीतून ओरडले, "अगं, बघ! पाहुण्यांचा घाम आटला. भट्टी अंगात मुरली!"

हे कौतुक होतं. घाम आटला की माणूस पक्का झाला, असं त्यांचे वडील सांगून गेले होते आणि ते खरं का, हे विचारण्याची कुणाची छाती झाली नव्हती.

मुलगी आली आणि थबकली. नवऱ्याचं अंग तव्यासारखं तापलेलं, कोरडं. तो रिकामं फावडं आत सारत होता, रिकामंच बाहेर ओढत होता.

"अहो, मी कोण?"

"पाव," तो म्हणाला.

"बाबा, हे मुरले नाहीत, करपलेत! पाय धरा!"

त्याला मागच्या सावलीत आडवं केलं. मुलीनं दवाखान्याची गाडी मागवली. फोनवरची बाई एकेक सांगत गेली. सदरा काढा. अंगावर पाणी ओता, वारा घाला. सासरे तांब्या त्याच्या तोंडाशी नेऊ लागले.

"तोंडात नको, बाबा! शुद्ध नाही, श्वासात जाईल."

धरलेली पाठ विसरून ते बादल्या आणू लागले. मग पावाचा ट्रे हलवून वारा घालत बसले. भट्टीतला घाणा कोळसा झाला, कुणी वळून पाहिलं नाही.

कपाळावर एक थेंब दिसला. सासऱ्यांनी पुसला. तो परत आला, शेजारी दुसरा आला. सगळं आयुष्य घाम निपटून टाकलेला माणूस श्वास रोखून बघत राहिला: कुणी न सांगता, कातडीच्या आतून, पाणी आपल्या कामावर रुजू होत होतं.

"अगं, मला भिजवलंस कशाला?" जावई पुटपुटला.

त्याला नीट गिळता येतंय हे पाहून मुलीनं मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. गाडी आली, त्याला घेऊन गेली.

घरच्या कायद्याची किंमत म्हणून जावयानं चार दिवस दवाखान्यात भरले. मोठी रक्कम पडली ती सासऱ्यांच्या नावावर: भट्टीशेजारी पाण्याचं पिंप ठेवून, सगळ्या कामगारांदेखत, वडिलांच्या फोटोकडे पाठ करून, पहिला पेला त्यांना स्वतःला प्यावा लागला.