इंटरव्हलनंतर ताईचा नंबर

मी केप बोलतेय. सिनेमातले हिरो खांद्यांवरून मागे सोडतात ना, ती. माझा रंग निळा आहे, आणि तो चुकलेला आहे असं लोकांचं म्हणणं आहे. लोकांचं काय, उचलली जीभ, लावली टाळ्याला.

माझा जन्म डिलाईल रोडच्या एका चाळीतला. चौदा एप्रिलच्या जयंतीला चाळीच्या तोंडाशी कमान उभी केली होती. तिला गुंडाळून उरलेलं निळं सॅटिन सुंदराबाईंच्या घरी ठेवलेलं होतं. त्याच वर्षी ‘लोहपंख’ नावाचा सिनेमा यायचा होता. उडणारा हिरो, पोलादी पंख, तीन भागांत संपणारी गोष्ट. सुंदराबाईंचा नातू सम्यक तेव्हा शाळेत होता आणि त्या हिरोपायी जेवणखाण विसरला होता. त्याची मोठी बहीण दीपिका हिने आजीच्या मशीनवर एका दुपारी मला शिवून काढलं. हिरोची केप लालभडक होती, पण घरात कापड होतं ते निळं. “आपल्या चाळीतला लोहपंख निळाच असतो,” असं म्हणून दीपिकाने दोरा तोडला.

शिवून झाल्यावर मी दोघांनाही हवी होते. भांडण नको म्हणून सुंदराबाईंनी निवाडा दिला. इंटरव्हलपर्यंत सम्यकने घालायची, इंटरव्हलनंतर ताईचा नंबर.

आता एक सांगते, हसू नका. पहिल्या दोन्ही भागांना मी गेले आणि त्यातला एकही पाहिला नाही. केप पाठीवर असते. पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये चेपून बसायचं, हेच माझं सिनेमा बघणं. पण पाठ कधी खोटं बोलत नाही. मारामारी सुरू झाली की सम्यकची पाठ खुर्ची सोडून पुढे जायची. दीपिका रडताना चेहरा अगदी कोरा ठेवायची, खांदे मात्र हलायचे. त्यावरून सांगते, पहिला भाग चांगला होता आणि दुसरा त्याहून चांगला. दुसऱ्याच्या शेवटी हिरो समुद्रात कोसळला, तेव्हा दीपिका अशी ताठ झाली की माझी एक शिवण उसवली.

तिसरा भाग यायला मात्र वर्षं लागली. मधल्या काळात चाळ पडली आणि त्या जागी टॉवर उभा राहिला. सुंदराबाई लिफ्टला शिव्या घालत वर राहायला गेल्या. सम्यक नोकरीला लागला, दीपिका लग्न होऊन कल्याणला गेली. मी कपाटात गोधड्यांखाली. तक्रार नाही, पण डांबराच्या गोळ्या माणसांनी एकदा स्वतः हुंगून बघाव्यात.

मग एकदाची तारीख जाहीर झाली. त्याच सुमारास दीपिकाच्या नवऱ्याला, हितेंद्रला, मस्कतला नोकरी मिळाली. शुक्रवारी सिनेमा आणि रविवारी तिचं विमान, असा योग जुळून आला.

सम्यकने मला बाहेर काढलं, उन्हात टाकलं आणि मोबाइलवर ट्रेलर बघत बसला. दिग्दर्शक बदललाय. हिरो थकलेला दिसतोय. पंख प्लास्टिकचे वाटतायत. त्याचा मित्र अनिश तर रोज फोन करून सांगायचा की यावेळी पार वाट लावलेली असणार. सिनेमा अजून कोणी पाहिलेला नव्हता, आणि ही मंडळी त्याचं तेरावं घालून मोकळी झाली होती.

दीपिकाने दोनदा तिकिटांचं विचारलं. सम्यक म्हणाला, आधी लोक काय म्हणतात ते बघू.

लसूण सोलता सोलता सुंदराबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “आजी, ताईबरोबरचा हा शेवटचा पार्ट. तोच फालतू निघाला तर?”

“आणि तू नाय बघितलास, तर ती जायची थांबणार हाय काय?”

सम्यकने ट्रेलर बंद केला. थोड्या वेळाने त्याने तिकिटं काढली.

परळच्या थेटरात मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालंच, केपचा कलर राँग आहे. दीपिकाने वळून नुसतं पाहिलं. सिनेमा सुरू झाला आणि माझा जीव टांगणीला लागला, कारण सम्यकची पाठ खुर्ची सोडायचं नावच घेईना. एकदासुद्धा पुढे गेली नाही. इंटरव्हलला आजूबाजूला कुरकुर चालू झाली.

सम्यकने मला उतरवून ताईपुढे धरलं. थेटरात गारठा होता. दीपिकाने मला पाठीवर घेतलंच नाही, दोघांच्या गळ्यापर्यंत पांघरूण म्हणून ओढलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पडद्याकडे तोंड करून बसले.

खरं सांगू? पंख प्लास्टिकचेच होते. खलनायक मरायच्या आधी लांबलचक भाषण करत होता. त्या भाषणाला सम्यक फिसकन हसला, मग दीपिका हसली, आणि दोघं मला तोंडात कोंबून हसू दाबत राहिली. शेवटी हिरो पंख उतरवून एकटाच पायी निघाला, तेव्हा माझ्या एका टोकाने डोळे पुसले जात होते.

“काय फालतू आहे रे,” दीपिका म्हणाली.

“मग रडतेस कशाला?”

“मी कुठं सिनेमासाठी रडतेय?”

माझ्या आड सम्यकने तिचा हात धरला, तो दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

रविवारी बॅग भरताना दीपिका मला परत देत होती. सम्यकने माझी घडी घातली आणि मला लालबागहून कांडून आणलेल्या मसाल्याच्या पिशवीशेजारी ठेवलं. “इंटरव्हलपर्यंत माझी होती ना,” तो म्हणाला, “आता तुझा नंबर.”

तेव्हापासून मी मस्कतला आहे. अंगाला मसाल्याचा वास आहे, डांबराच्या गोळ्यांपेक्षा तो केव्हाही बरा. तिसरे भाग काढणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे, बाबांनो, जीव ओतून काढा. पंखांना जरा बरं पत्र्याचं काम करा. पण नाहीच जमलं तर फार मनाला लावून घेऊ नका. माझी माणसं तुमच्या त्या फालतू सिनेमावर अजून दर शुक्रवारी फोनवर भांडतात.

परवा तशीच भांडत होती. सम्यकने मोबाइलच्या पडद्यावर निरखून पाहिलं आणि विचारलं, “ताई, घरात केप घालून बसलीयस?”

“इथे एसी फार लागतो रे,” दीपिका म्हणाली.

मी तिच्या पाठीवरच होते. एसी बंद होता.