टोपीत बदललेला हात

मोंतेक्रिस्ती गावच्या वखारीत सोईला ताडाच्या पातीच्या विणलेल्या टोप्या पारखायची. या गावच्या नावानं बाहेर कागदाच्या टोप्या खपू लागल्या, तेव्हापासून मालकानं भिंग आणलं होतं. विणकरणीनं टोपीच्या माथ्याचं फूल, म्हणजे विणीची गोल सुरुवात, विणलं की भिंगाखाली त्याचा फोटो काढायचा. पातीच्या शिरा, गाठी, चिरा कुठल्याच दोन फुलांत सारख्या नसतात. टोपी पुरी होऊन आली की फोटोशी ताडायची. जुळली तर शिक्का, नाही तर कात्री. एका टोपीत एकच हात, आणि आत त्याचंच नाव, हा मात्र भिंगाच्याही आधीचा नियम.

जानेवारीत तिची मैत्रीण उबाल्दिना पिले गावाहून एकदम सात फुलं घेऊन आली होती. सोईलानं विचारलं होतं, वऱ्हाडाला टोप्या घालायच्यात की काय? उबाल्दिना हसली होती. घाई आहे गं, एवढंच म्हणाली होती. मग कळलं की ती डोळे दाखवायला थोरल्या मुलाकडे ग्वायाकील शहरात गेली.

आज तिची लेक एर्मेलिंदा पहिली टोपी घेऊन आली. फूल फोटोशी तंतोतंत जुळलं. सोईलानं शिक्का उचलला आणि सवयीनं दुसऱ्या हाताची बोटं माथ्यावरून काठाकडे नेली. उबाल्दिना पात आवळताना डावा अंगठा दाबायची, त्याचा बारीक उंचवटा फेऱ्याफेऱ्याला लागत होता. काठाच्या तिसऱ्या फेऱ्यात तो नाहीसा झाला. पुढची वीण सुरेख होती, भल्या पहाटेच्या गारव्यात विणलेली, पण सपाट.

सोईलानं एर्मेलिंदाचं बोट धरून त्या फेऱ्यावर ठेवलं.

"इथं गेली ना तुझी आई?"

पोरीनं मान खाली घातली. तिकडेच पुरली, म्हणाली. टोप्यांत आईचं नाव चालू राहावं म्हणून मेलेल्यासाठीची नऊ दिवसांची प्रार्थनाही दार लावून म्हटली. आईनंच सांगितलं होतं, की भिंग मधलंच बघतं, सोईलाची बोटं काठापर्यंत जातात. तिनं विचारलं तर खोटं बोलू नकोस.

सोईलानं शिक्का खाली ठेवला. मग म्हणाली, "फूल जुळलंय. मी शिक्का मारला तर कुणाला कळायचं नाही. पण मग अजून सहा टोप्या होईपर्यंत तुझी आई जिवंतच, पोरी. तुला काळं नेसायचं नाही, मला रडायचं नाही."

एर्मेलिंदानं डोळे पुसले. "काप, मावशी. मी माझ्या नावानं नवं फूल घालीन."

सोईलानं कात्री घेतली. नियमानं माथा चिरायचा असतो. तिनं तो चिरला नाही. हात बदलला होता त्या फेऱ्यावरून ती सावकाश गोल कापत गेली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. डाव्या बोटाला उंचवटा लागत होता, त्याच्या कडेकडेनं कात्री चालली होती.