एक्केचाळीस नंबरची पेटी

आमच्या द्राक्षमळ्यात नवराबायको जोडीनं कामाला लागले की नंबर एकच मिळतो, आणि तो नवऱ्याचा. तो घड तोडतो, ती वेलींच्या कडेला टेबलाशी उभी राहून पेटी भरते. पेटीवर शिक्का त्याचा, आठवड्याचा चेकही त्याच्याच नावाचा. मेक्सिकोतल्या वाहाकाहून कॅलिफोर्नियात आल्यापासून मी हेच बघते आहे. मी विधवा, म्हणून माझा नंबर माझा. "तेओदोराताईंना नंबरासाठी नवरा देवाघरी पाठवावा लागला," असं बायका चेष्टेनं म्हणतात. मी हसते आणि जपमाळेचा पुढचा मणी ओढते.

शेजारच्या टेबलावर ओतिलिया असे. तिचा नवरा फाउस्तो, त्यांचा नंबर एक्केचाळीस. घड देठाला धरून ती असा निजवायची की मण्यांवरची पांढरी झाक जराही पुसली जायची नाही.

मुकादम एलिसेओ याच हंगामात आलेला. तो रस्त्यावरच्या ट्रकपाशी बसून शिक्के बघायचा; टेबलाशी कोण उभं आहे हे बघायला आत येत नसे. त्या दिवशी मात्र आला.

"फाउस्तो, लेका, व्यापारी एक्केचाळीस नंबरचीच पेटी मागतोय! उद्यापासून नव्या लोकांना तू शिकवायचं. ताशी तीन डॉलर जास्त."

फाउस्तोनं बायकोकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "बरं," म्हणाला.

मुकादम गेल्यावर ओतिलिया म्हणाली, "पेटी कोण भरतं ते सांगितलं का नाहीस?"

"उद्या सांगतो."

"उद्या सांगायची गरजच पडणार नाही."

तसंच झालं. सकाळी नवी माणसं टेबलाभोवती उभी राहिली, मुकादमही बघायला आला. फाउस्तोनं घड मुठीत धरून पेटीत कोंबला. रस त्याच्या कोपरापर्यंत ओघळला.

"दादा, वाइन करताय का?" एक नवी पोरगी म्हणाली, आणि सगळा मळा हसला.

फाउस्तोनं हात पुसले. "मुकादम, पेट्या हिनं भरल्यात. मी नुसता तोडतो."

एलिसेओ ओशाळला, पण लगेच सावरून म्हणाला, "मग ओतिलियाबाई, तुम्ही शिकवा. ताशी एक डॉलर जास्त देतो."

"काल तर तीन होते."

"ते त्याला. त्याला घर चालवायचंय."

"आणि मी काय हवा खाते?" ती आवाज न चढवता म्हणाली. "मला माझा नंबर द्या, आणि कालचाच दर. नाहीतर मी माझ्या टेबलावर बरी."

ती परत येऊन पेटी भरू लागली. घराचं भाडं फाउस्तोच्या चेकवर. मुकादमानं जोडीच काढून टाकली तर दोघंही रस्त्यावर. मी आमच्या वाहाकाकडच्या जुकिलाच्या मेरीमातेला मनात म्हटलं, माउली, हिला धीर दे. आणि मुकादमालाही थोडी समज दे.

नवी माणसं आपापल्या परीनं भरत राहिली. ट्रकपाशी पोचलेल्या पेट्या एकामागून एक परत येऊ लागल्या. ऊन चढलं. जेवायच्या सुमाराला, मी टॉर्टिया उलगडत असताना, एलिसेओ ओळीतून चालत आला. त्याच्या हातात कोरा शिक्का होता.

"कुठला नंबर हवाय?"

"कुठलाही. पण दर?"

"तीन." त्यानं टोपी मागं सारली. "आता चला, बाई. ट्रक उभाय."

"आधी सगळ्यांसमोर सांगा."

त्यानं सांगितलं, पडत्या आवाजात. मागच्या ओळीतल्या बायका ओरडल्या, "ऐकू आलं नाही, मुकादम!" मग त्याला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

ओतिलियानं शिक्का एप्रनच्या खिशात टाकला. ती नव्या लोकांकडं निघाली तेव्हा फाउस्तो मागून म्हणाला, "अगं, मग आता माझ्या पेट्या कोण भरणार?"

"ये की शिकायला," ती म्हणाली. "सगळ्यात मागं उभा राहा."

आणि तो खरंच जाऊन उभा राहिला, त्या वाइनवाल्या पोरीच्या मागं.