डावीकडचा दुसरा दात

० लाइक

मंगळवारी सकाळी सासूबाईंचे वरचे सगळे दात जावयाच्या टेबलावर होते. खालचे त्यांचे स्वतःचे होते, तोंडातच होते आणि पुरेसे धारदार होते.

सासूचे दात जावयाच्या हातात, यावर बायकोने दोनदा, डॉक्टरीणबाईंनी एकदा आणि प्लास्टरची पोती टाकायला येणाऱ्याने कुणी न विचारता विनोद केला होता. कवळीवाला चारही वेळा हसला. डॉक्टरीणबाईंच्या दातांच्या दवाखान्यामागच्या एका खिडकीच्या खोलीत तो एकोणीस वर्षं कवळ्या करत होता आणि लोकांच्या विनोदांपेक्षा त्याला लोकांच्या हिरड्या जास्त कळत.

कवळीचे दात आधी मेणात बसवतात. मेणात असेपर्यंत दात फिरतो, सरकतो, माघार घेतो. ती मेणाची कवळी एकदा तोंडात घालून बघायची असते. मग मेण वितळवून त्याच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक भरायचं, ते गरम पाण्यात पक्कं करायचं, की दात कुणाचं ऐकत नाही.

सासूबाई टेलिफोनच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लाइनी जोडून द्यायच्या. डावीकडचा दुसरा दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला, म्हणून तिथल्या मैत्रिणी त्यांना ‘तिरपी’ म्हणत. वरचे दात गेल्यापासून तीन महिने त्या तोंडाला रुमाल लावून बोलत होत्या आणि कुणाकडे जात नव्हत्या. येत्या रविवारी एक्स्चेंजमधल्या उरलेल्या सात जणी भेटणार होत्या. सासूबाईंनी जावयाला एक जुना फोटो दिला, कानाला एक्स्चेंजचं यंत्र लावून हसतानाचा, आणि म्हणाल्या की दात असाच तिरपा हवा, नाहीतर आपण घरीच बसू.

फोटोत तो दात तिळाएवढा होता. नेमका किती फिरवायचा ते कळेना.

म्हणून कवळीवाल्याने मेणातल्या कवळीचा फोटो काढला आणि कारागिरांच्या ग्रुपवर टाकला. सभासद तीनशे बारा, सगळे टोपणनावाने. ग्रुपचे नियम दोन. एक, तोंड कुणाचं ते सांगायचं नाही. दोन, आधी खोट, मग कौतुक. फोटोखाली कुणीतरी खोट काढल्याशिवाय ‘छान’ म्हणायला परवानगी नव्हती. नवा आलेला पहिल्या आठवड्यात रडायचा, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याला रडवायचा.

त्याने लिहिलं: डावीकडचा दुसरा, अजून जरा फिरवू का?

२३ लाइक

उकळतं पाणी: तो दात दारू पिऊन बसवला का? की बाईच दारू पिते?

करवत: खोट निघाली. आता बोलतो. हिरडीचा रंग झकास.

चिमटा: झकास.

प्लास्टरपंत: तोंड उघडून असं हसणारी बाई घरात असेल तर भिंती सांभाळा. बाकी काम नंबर एक.

कवळीवाला हसला. ही त्यांची भाषा होती. एखाद्याच्या कामाला बरा आहे म्हणायचं असलं की हे लोक असंच बोलत. त्याने फोन ठेवला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दाढा घासायला घेतल्या.

करवतच्या भाचीने मामाच्या फोनवर हे पाहिलं. तिला नियम ठाऊक नव्हता.

४,१०० लाइक

तिने पडद्याचा फोटो काढून शहरवासीयांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं: एका आजीच्या दातांची हे लोक कशी टवाळी करतात बघा. आजी, आम्ही तुमच्यासोबत आहोत.

आता हे पुढे कसं पसरलं ते नीट सांगायचं तर कागद आडवा धरायला हवा, पण थोडक्यात असं झालं. ज्यांना वाईट वाटलं त्यांनी पुढे पाठवलं. ज्यांना वाईट वाटणाऱ्यांचा राग आला त्यांनी त्यांना सुनावण्यासाठी पुढे पाठवलं. ज्यांना काहीच वाटलं नाही त्यांनी ‘हे काय चाललंय’ असं विचारत पुढे पाठवलं, आणि सगळ्यात जास्त तेच होते. एका बाईंनी स्वतःची आजी आठवून लांबलचक लिहिलं. त्या लिखाणाला फोटो हवा म्हणून त्यांनी हाच जोडला. बुधवारी सकाळपर्यंत हे दात त्या बाईंच्या आजीचे झाले होते. दुपारी ती आजी वारली.

कवळीवाल्याला बायकोने जेवताना दाखवलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी दातावर दात चढल्यासारखं दिसावं म्हणून ओठ वाकडे करून फोटो काढले होते.

“आईचे आहेत ना रे हे?” तिने विचारलं.

कवळीवाला म्हणाला की नाव कुठेच नाही, नुसतं मेण आहे आणि प्लास्टर आहे, कोण ओळखणार. बायकोने घास थांबवून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला सोळा वर्षं झाली की असं पाहणं पुरतं.

बुधवारी दुपारी सासूबाईंना मेणाची कवळी घालून बघायला बोलावलं होतं. त्याने फोन करून गुरुवारवर ढकललं. कारण काय, तर त्या वेळी त्याला सहाशे लोकांना उत्तरं द्यायची होती. सासूबाई एवढंच म्हणाल्या की बरं.

६१,००० लाइक

दोन पक्ष पडले होते.

‘सरळ करा’ पक्षाचं म्हणणं: वाकडा दात म्हणजे कारागिराचा आळस. म्हाताऱ्या माणसांना काहीही खपतं असं समजू नका.

‘राहू द्या’ पक्षाचं म्हणणं: तिरपा दात हाच माणूस.

तिसरा पक्ष उशिरा आला आणि सगळ्यांच्या वर जाऊन बसला. त्यांनी फोटोतले दात मोजले. चौदा! माणसाला वर सोळा दात असतात, म्हणजे हा फोटो खोटा, यंत्राने बनवलेला, आणि तुम्ही सगळे मूर्ख. कवळीत चौदाच बसवतात, अक्कलदाढा कुणी विकत घेत नाही, असं कवळीवाल्याने लिहिलं. त्यावर एकाने विचारलं, तुम्हाला एवढं कसं माहीत? तुम्ही कोण?

त्याने सांगितलं आपण कोण.

हे सांगायला नको होतं, आणि हे वाक्य लिहितानाच त्याच्या फोनवर

९,४०० नवे सभासद तुमच्या ग्रुपमध्ये आले आहेत.

त्यांना नियम वाचून दाखवायला कुणी नव्हतं. जुने तीनशे बारा जण कोपऱ्यात सरकले. ग्रुपमधले सगळ्यात जुने कारागीर, ज्यांना सगळे आजोबा म्हणत आणि जे एका बोटाने टाइप करत, त्यांचा एक निरोप त्या गर्दीत आला आणि दिसेनासा झाला.

गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत आल्या. दवाखान्यात दोन तरुण पोरी मुद्दाम वाकडा दात बसवून घ्यायला आल्या होत्या आणि एक गृहस्थ बाईंना जाब विचारायला. बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या नाहीत. म्हणाल्या की त्यांना फक्त हे संपायला हवं आहे, कसंही. मत काय आहे लोकांचं?

लोकांचं मत ग्रुपवर घेतलं होतं. एकसष्ट टक्के सरळ.

सासूबाई चार वाजता येणार होत्या. सव्वादोन वाजता कवळीवाल्याने सुरी ज्योतीवर धरली, मेण हललं, दात फिरला. तीन सेकंदांचं काम. त्याने फोटो काढून लिहिलं: सरळ केला आहे. सर्वांचे आभार.

मग त्याने सासूबाईंना फोन केला की आज येऊ नका, एकदम शनिवारी तयार कवळीच घालू. वेळ वाचेल. सासूबाई पुन्हा म्हणाल्या की बरं.

२,८०,००० लाइक

सरळ केल्यावर लोक चिडले.

शुक्रवारी मेण वितळलं, प्लॅस्टिक भरलं, डबा गरम पाण्यात गेला. दीड तास डबा बघत बसायचं असतं. त्याने फोन बघितला. एका बाईचं हसू पुसलंत. बाजाराला शरण गेलात. कालपर्यंत ‘सरळ करा’ म्हणणारे आज म्हणत होते की आम्ही म्हणालो म्हणून लगेच करायचं? स्वतःचं डोकं नाही का? ज्या बाईंची आजी बुधवारी वारली होती त्यांनी आजी पुन्हा वारल्याचं कळवलं.

कवळी डब्यातून निघाली. घासायला, चकाकी द्यायला एरवी त्याला दोन तास लागत. त्या दिवशी चाळीस मिनिटांत झालं, त्यातली पंचवीस मिनिटं अंगठा फोनवर होता.

शनिवारी सकाळी सासूबाई दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली आणि हातात आरसा दिला. सासूबाईंनी आरसा जवळ धरला, लांब धरला. ओठ वर करून डावीकडे पाहिलं.

“सुंदर आहेत,” त्या म्हणाल्या. “कुणाचे आहेत?”

डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या खोलीतलं काहीतरी आठवलं.

कवळीवाल्याने सुरुवात केली. लोकांचं म्हणणं असं पडलं की, म्हणजे एकूण टक्केवारी पाहता. सासूबाईंनी कवळी काढून तळहातावर घेतली, रुमाल तोंडाला लावला. वरच्या दातांशिवायचं त्यांचं बोलणं बोबडं यायचं. आज एकेक शब्द कळला.

“मला बुधवारीच कळलं. आमच्यातल्या एकीने फोन केला, तिरपे, तुझा दात आलाय बघ सगळीकडे. सातही जणींनी ओळखला. नुसत्या प्लास्टरवरून.”

“मग बोलला का नाहीत, आई?”

“तीस वर्षं लोकांचं बोलणं कानावर पडत होतं. मध्येच बोलायचं नसतं, जावईबापू. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. तुम्ही जगाला जोडून दिलंत. मी आपली वाट बघत होते, मला कधी जोडताय.” त्यांनी कवळी पुढे केली. “आणि इथे टोचतंय. उजवीकडे.”

त्याने बोट फिरवलं. उजव्या दाढेवरच्या गुलाबी भागात, गालाच्या बाजूला, मोहरीएवढा खड्डा होता आणि खड्ड्याला कड होती. मेणात बुडबुडा राहिला की असं होतं. नवशिक्याच्यासुद्धा नजरेतून हे सुटत नाही.

त्याने ग्रुप उघडून मागे मागे जात पाहिलं. हजारोंच्या खाली बुधवारचा आजोबांचा निरोप होता: दात सोड. उजव्या दाढेवर बुडबुडा आहे. भर.

दोन लाख ऐंशी हजार लोकांनी तोंड पाहिलं होतं. खोट एकानेच काढली होती.

मोजलं नाही

शनिवारी दुपारी सासूबाई मागच्या खोलीत स्टुलावर बसल्या. तिथे बसलेल्या त्या पहिल्या गिऱ्हाईक. एरवी गिऱ्हाईक पुढे आणि तोंडं मागे अशीच पद्धत होती.

“तो फोन कुठे ठेवता?” त्यांनी विचारलं.

त्याने फोन टेबलावर ठेवून त्यावर प्लास्टर कालवायची रबरी वाटी पालथी घातली. वाटीखाली भुंगा कोंडल्यासारखा आवाज येत राहिला.

पक्क्या झालेल्या कवळीतून एक दात काढायचा म्हणजे भोवतालचं गुलाबी कोरून काढावं लागतं, शेजारच्याला धक्का न लावता. त्याने कोरलं. दात सुटला. जागेवर मेणाचा ठिपका ठेवून दात त्यावर टेकवला आणि कवळी सासूबाईंना दिली. त्यांनी घालून आरशात पाहिलं.

“अजून.”

त्याने फिरवला.

“अजून.”

फिरवला.

“मागे. थोडा. बस.”

फोटोत जे तिळाएवढं होतं ते विचारायला माणूस पंधरा मिनिटांवर राहत होता. हे त्याला कळलं, आणि आपल्याला कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून तो दात गुलाबी प्लॅस्टिकने पक्का करायच्या आणि खड्डा भरायच्या कामाला लागला. या वेळी घासायला दोन तास घेतले. सासूबाई बसून राहिल्या. चारच्या सुमारास वाटीखालचा भुंगा थंडावला. संध्याकाळी बायकोने सांगितलं की कुठेतरी एक बकरं गच्चीच्या कठड्यावर अडकलंय, सगळे तिकडे गेलेत. ते खाली उडी मारणार की नाही यावर दोन पक्ष आहेत.

७

रविवारी त्या गेल्या.

संध्याकाळी येताना लेकीच्या घरी उतरल्या. कवळीवाल्याने दार उघडलं, पाणी दिलं, गाडीला गर्दी होती का वगैरे विचारलं. बायको आतून म्हणाली, “आई, सांग ना त्याला. सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतोय.”

सासूबाईंनी सावकाश सांगितलं. पहिला अर्धा तास त्यांनी मुद्दाम रुमाल लावूनच ठेवला होता. मैत्रिणींनी गुरुवारचा सरळ दातही पाहिला होता आणि आत काय असेल यावर त्यांच्यात चार विरुद्ध तीन झालं. आवाज चढले. एक जण दुसरीला तिच्या जुन्या बदलीवरून बोलली. मग सासूबाईंनी रुमाल काढून मांडीवर ठेवला.

“मग?”

“मग काय. एकीने पाहिलं आणि म्हणाली, हं, लाइन लागली. बोल तिरपे.”

फोटो काढायला एकीने फोन बाहेर काढला होता. तो तिला परत पर्समध्ये ठेवायला लावला, असंही त्यांनी सांगितलं, आणि उरलेलं पाणी प्यायल्या.

“तुमच्या त्या ग्रुपमध्ये नियम आहे ना?” पेला खाली ठेवत त्या म्हणाल्या. “ही सांगत होती. आधी खोट.”

“हो.”

“स म्हणताना शिट्टी वाजते. सात जणी म्हटलं की दोनदा वळून बघतात लोक.”

वाजत होती खरंच. पुढच्या दातांमागे टाळूपाशी प्लॅस्टिक जरा जाड राहिलं होतं, केसभर घासायला हवं होतं. त्याने हात पुढे केला. त्यांनी कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि रुमाल पर्समध्येच राहू दिला.

“आणि मग कौतुक?” त्याने विचारलं.

“आधी शिट्टी,” अर्ध्या बोळक्या तोंडाने सासूबाई म्हणाल्या. “कौतुकाला उद्या या.”