मधली फिडल

नागुबाईनं मागावरच्या धोट्याला हळदकुंकू लावलं, फणीला लावलं, आणि मग बोट तसंच धरून धाकट्या लेकाकडं बघितलं.

"ह्याला कुठं लावू रं? डोक्याला का पोटाला?"

"कुठंबी लाव आये. तारांस्नी तेवढं लावू नको."

परशरामचा व्हायोला मागाशेजारी पाटावर ठेवला होता. वाद्य खरं तर संगीतशाळेचं. पण खंडेनवमीला ज्याचं त्याचं हत्यार पुजायचं, या रिवाजानं तेही धोट्यांच्या पंगतीला येऊन बसलं होतं. शहापूरच्या त्या विणकर गल्लीत त्याला सगळे फिडलच म्हणत. फिडलीहून थोरलं आणि आवाजानं घोगरं, एवढा फरक करत बसायला कुणाला सवड होती?

पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, परशरामनं ते वाजवून दाखवायचं होतं आणि थोरल्या आण्णाप्पानं निकाल द्यायचा होता.

गेली तीन वर्षं परशराम कॅम्पातल्या संगीतशाळेत पिंटो मास्तरांकडं शिकत होता. मास्तर मूळचे गोव्याचे. दोन फिडली, मधला व्हायोला आणि खाली गुडघ्यांत धरायचा चेलो, अशी चौघांची चौकडी त्यांनी बांधली होती. पण यंदा विलायतेत लढाई पेटली, कॅम्पातले साहेबलोक हलायला लागले आणि त्यांच्या आश्रयावर चाललेला तो वर्ग बंद होणार हे ठरून गेलं. दिवाळीच्या तोंडावर शेवटचा जलसा, आणि मग मास्तर कायमचे गोव्याला. तोवर रोज तालीम होती. दिवाळीच्या तोंडावरच साड्यांचीही घाई असते, हे परशरामला कुणी सांगायला नको होतं. तीन वर्षं त्याच्या वाटणीचा माग आण्णाप्पा ओढत होता आणि त्याच्या वाटणीच्या सुताच्या कांड्या वहिनी, शालूबाई, भरत होती.

"एकदा ऐकू दे काय शिकलास ते," आण्णाप्पा म्हणाला होता. "गल्लीबी ऐकू दे. मग दिवाळीपतोर मागाकडं फिरकू नको जा."

आणखी काय सांगायला हवं होतं त्यानं? परशरामनं एखादा अभंग वाजवला असता, एखादी आरती वाजवली असती, तरी नागुबाईनं पदर डोळ्यांना लावला असता आणि यल्लाप्पासारख्या खवट शेजाऱ्यानंही मान डोलावली असती. त्याला तो डाव्या हातचा खेळ होता. पण अभंग तर गल्लीतला कुणीही पेटीवर वाजवतो. तीन वर्षं आपण शिकलो ते हे, मग तेच वाजवायचं. शहाणपणाची वेळ होती आणि पठ्ठ्यानं प्रामाणिकपणा काढला.

दसऱ्याला दारात घोंगडं अंथरलं. परशरामनं वाद्य हनुवटीखाली धरलं आणि चौघांच्या त्या चिजेतला आपला, मधला, भाग वाजवायला सुरुवात केली.

एकच सूर, पुन्हा तोच, पुन्हा तोच. मग त्याच्या शेजारचा. मग थोडं थांबणं, कारण इथं दोन्ही फिडली बोलत असत. त्याच्या कानांत त्या बोलत होत्याच. चेलो खालून घुमत होता. डोळे मिटून तो रंगून वाजवत होता.

"तारा जुळवतोय," यल्लाप्पानं शेजारच्याला सांगितलं. "जुळव बाबा, सावकाश जुळव. आमास्नी घाई न्हाय."

लोक सबुरीनं बसून राहिले. बायकांनी पोरं गप्प केली. परशरामनं शेवटचा सूर लांबवला, गज खाली घेतला आणि डोळे उघडले.

"हं," यल्लाप्पा सरसावून बसला. "जुळल्या न्हवं? आता वाजव."

परशरामनं भावाकडं बघितलं.

"झालं?" आण्णाप्पानं विचारलं.

"झालं."

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग गल्लीला हसू आवरेना. शालूबाई तेवढी हसली नाही. कांड्या भरून भेगाळलेली बोटं पदरात गुंडाळून ती आत निघून गेली. आण्णाप्पा रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "उद्या माग सोड." विणकराच्या घरात माग सोडणं म्हणजे कामाला बसणं.

वाद्य परत द्यायला परशराम कॅम्पात गेला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अरे, एकटा कशाला वाजवलास?" ते म्हणाले. "मला सांगायचं. चौघं आलो असतो तुझ्या दारात."

हे त्याला सुचलंच नव्हतं. मास्तरांनी त्याचा भाग पेटीवाल्याला दिला.

जलशाच्या दिवशी आण्णाप्पानं आपण होऊन फेटा बांधला. "मास्तरांनी बोलावलंय, जाऊन येऊ," म्हणाला. दोघे भाऊ शेवटच्या बाकावर बसले. समोर दोन फिडली, चौकडीतल्या, कंग्राळी गावच्या भावकूचा चेलो, आणि मध्ये पेटी. सुरुवात झाली तसा आण्णाप्पाचा पाय हलायला लागला, मागाच्या पावडीवर हलतो तसा. परशराम मांडीवर डाव्या हाताची बोटं दाबत होता.

मग दोन्ही फिडली थांबल्या. चेलो थांबला. थोडा वेळ एकटी पेटीच राहिली. एकच सूर, पुन्हा तोच, पुन्हा तोच.

आण्णाप्पाचा पाय थांबला. तो कान देऊन ऐकू लागला. फिडली पुन्हा आत आल्या, आणि त्यानं हळूच भावाचं मनगट धरलं.

"परशा, दसऱ्याला वाजवलतंस ते ह्येच न्हवं?"

हो म्हणायला परशरामची जीभ शिवशिवली. लई दिवस तो याच प्रश्नासाठी झुरला होता. पण आता हो म्हणून काय मिळणार होतं? समोर चीज संपत आली होती. आणि आण्णाच्या चेहऱ्यावर जो पस्तावा उमटू लागला होता, तो एकदा उमटला की जन्मात पुसणार नव्हता.

"न्हाय आण्णा," तो म्हणाला. "ते येगळं हुतं."

आण्णाप्पानं मनगट सोडलं. त्याचा पाय पुन्हा हलायला लागला.

"तरीच," तो म्हणाला. "हे लई ग्वाड हाय. येड्या, हे शिकायचं सोडून तीन वर्षं काय करत बसलास रं?"

टाळ्या सुरू झाल्या. आण्णाप्पा मोठमोठ्यानं वाजवत होता. परशरामनंही वाजवल्या.