माकडाचा हेवा करणारा खुळखुळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे आणि मला एका माकडाचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मध्येच माझा सूर कडवट झाला की तुम्ही म्हणाल, याचं पोट का दुखतंय?

मला एका म्हाताऱ्या कातारीबाबांनी घडवलं. लाकडाच्या दोन वाट्या कातल्या, पोटात मोहरीएवढे खडे घातले, सांधा चिकटवला आणि वरून लाल रंग दिला. मला कानाशी धरून ते म्हणाले, "आवाज हलका आहे बाबा तुझा, पण गोड आहे." मला वाटलं, आता एखाद्या पाळण्यात जायचं. पण मला विकत घेतलं ते लहान मुलांचे कान तपासणाऱ्या ताईंनी.

ताईंच्या खोलीत आई मुलाला मांडीवर घेऊन बसते. समोर स्टुलावर मदतनीस मावशी कापडी बाहुली हलवून मुलाचं लक्ष धरून ठेवतात. ताई मुलाच्या पाठीमागे उभ्या राहून आधी पत्र्याचा डबा वाजवतात, मग घंटी, आणि शेवटी मला. तिघांत सर्वांत हळू आवाज माझा. जे मूल माझ्या आवाजाला वळलं, ते कानांनी ठणठणीत. आया मला हातात घेऊन बघत, काही तर माझा पापा घेत. ते दिवस माझे होते.

मग ते माकड आलं. खेळण्यातलं, केसाळ, ताईंच्या शेजारी काचेच्या पेटीत बसलेलं. मूल आवाजाकडे वळलं की ताई बटण दाबत, पेटीत दिवा लागे आणि माकड टाळ्या पिटू लागे.

"हे कशाला हो?" एका आईने विचारलं.

"मुलं कंटाळतात ना," ताई म्हणाल्या. "तोच आवाज तीनदा झाला की चौथ्यांदा ढुंकून बघत नाहीत. तुमच्या घरचा पंखा दिवसभर घरघरतो, तुम्हाला जाणवतो का? कानावर पडतो, पण मन दखल घेत नाही. तसंच हे. पण आवाजाकडे वळलं की गंमत दिसते, हे दोनदा घडलं की मूल ते शिकतं. मग कंटाळत नाही."

मुलं शिकली हो, पटापट शिकली. मी वाजलो रे वाजलो की माना वळत, पण डोळे थेट पेटीकडे. हाक मी मारायची आणि ओ माकडाला. माझ्याकडे कुणी बघेना. पापे तर सोडाच.

एक दिवस माकडाचा एक हात वर गेला तो वरच राहिला. पेटी दुरुस्तीला गेली. खोटं कशाला सांगू, माझ्या पोटातले खडे आनंदाने नाचले. जागा मोकळी झालीच आहे तर मावशींनी खोली झाडली, खिडकीचा पडदा धुवायला काढला, खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून ठेवली, आणि मला ओल्या फडक्याने पुसून खिडकीत कडक उन्हात वाळत ठेवलं.

त्याच दुपारी मुंगी आली. सव्वा वर्षाची. मुंगी हे आजीने ठेवलेलं लाडाचं नाव. आईच्या कडेवर मुंगी आणि मागे कुरकुरत आजी.

"माझी नात चांगली ऐकते," आजी दारातूनच म्हणाली. "पण हिला कोण सांगणार? चार पुस्तकं वाचली की आयांना रोगच दिसतात."

"आई, परवा हिच्यामागे परात पडली. हिची पापणीसुद्धा हलली नाही," मुंगीची आई म्हणाली.

"झाली असेल खेळात दंग. तूही लहानपणी हाकेला ओ द्यायची नाहीस."

मुंगीला मांडीवर घेऊन आई बसली. ताईंनी डबा वाजवला. मुंगी वळली. घंटी वाजवली. वळली. मग मी, आणि मुंगी गर्रकन वळली. पुन्हा तिघंही वाजलो, पुन्हा तिन्ही वेळा वळली. सहापैकी सहा, आणि तेही माकडाशिवाय! मित्रांनो, मला केवढा माज चढला म्हणून सांगू. मनात म्हटलं, बघ रे केसाळा, ही पोर तुझ्या टाळ्यांसाठी वळत नाही, माझ्यासाठी वळते.

"मी काय म्हणत होते?" आजी म्हणाली.

ताईंनी पेन उचललं. पण आईचा चेहरा सैल होईना. "ताई, एकदाच अजून बघता?"

ताईंनी मला पुन्हा उचललं आणि हलवलं. मुंगी वळली. हसलीसुद्धा.

ताईंचा हात मात्र हवेतच थांबला. त्यांनी मला स्वतःच्या कानाशी नेऊन हलवलं. आवाज नाही. उन्हाने माझा सांधा उकलला होता आणि हात वर जाताच खडे त्यांच्या बाहीत गळून गेले होते.

"मला काही ऐकू आलं नाही," ताई हळूच म्हणाल्या. "मग हिने काय ऐकलं?"

त्यांनी समोर पाहिलं. मागच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि मावशींच्या पाठीमागच्या भिंतीवर ताईंची सावली पडली होती. हात वर गेला की सावलीचाही जाई. मुंगी ते बघून वळत होती. हात हलला की मागे काहीतरी गंमत असते, हे ती शिकली होती, डोळ्यांनी.

ताईंनी खिडकीची दारं लावली आणि डबा जोरात वाजवला. मुंगी बाहुलीकडेच बघत राहिली.

आजीने पदर तोंडाशी धरला. आईने मुंगीला जवळ ओढलं आणि एवढंच विचारलं, "आता कळलंय, तर काहीतरी करता येईल ना?"

"येईल. आणि वेळेवर आलात," ताई म्हणाल्या.

मी उघडा, रिकामा, टेबलावर पडलो होतो. आयुष्यभर ज्या आवाजाचा तोरा मिरवला, तो नव्हता म्हणूनच खरं काय ते कळलं.

मावशींनी नवे खडे घालून मला चिकटवलं. माकडही दोन्ही हात शाबूत घेऊन परतलं आणि माझं जुनं दुखणं परत सुरू झालं. चार महिन्यांनी मुंगी आली. दोन्ही कानांमागे छोटी यंत्रं, मोठ्या डॉक्टरांनी बसवलेली. खिडकी बंद होती. ताईंनी मला हलवलं.

मुंगीचं अंगठा चोखणं थांबलं. तिने क्षणभर श्वास धरला. मग वळली. दिवा लागला, माकड टाळ्या पिटू लागलं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, त्याच्याकडे पाठ केली आणि ताईंच्या हातातली वस्तू ओढून घेतली. म्हणजे मी! मला कानाशी धरून ती हलवत राहिली. थांबली. परत हलवलं. आजी म्हणाली, "अगं, तो खुळखुळा आहे, मुंगे," आणि मुंगी आजीच्या आवाजाकडे वळली.

त्यानंतर आलेलं मूल माकडाकडेच बघून खिदळलं. मीही पुन्हा जळलो. सवय आहे ती, एका दिवसात जात नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादं बाळ असेल तर त्याच्या पाठीमागून, सावली न पाडता, एकदा हळूच हाक मारून बघा. वळलं नाही तर दंग असेल म्हणून सोडून देऊ नका, मोठ्यांना सांगा. आणि तुमच्याकडे लाकडाचा जुना खुळखुळा असेल, तर त्याला उन्हात वाळत घालू नका. माझ्या बाबतीत त्यातून भलं झालं, पण दर वेळी होईलच असं नाही.